विश्लेषण : पिकअपला ‘ऑफ-रोड’ साज चढवताना आधी काय बदलावे? टायर, सस्पेन्शन की सवय?

उंच उचललेली गाडी, जाड नक्षीचे टायर, पुढे लोखंडी बंपर, बाजूला स्नॉर्केल. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी पिकअप घेतली की पहिल्या महिन्यातच या यादीवर खर्च सुरू होतो. बहुतेकदा तो उलट्या क्रमाने होतो. जे डोळ्यात भरते ते आधी बसते आणि जे चिखलातून बाहेर काढते ते राहून जाते.

महाराष्ट्रात ‘पिकअप’ म्हटले की डोळ्यासमोर येते ती पहाटे बाजार समितीच्या दारात उभी असलेली, टोमॅटोचे क्रेट रचलेली गाडी. गेल्या काही वर्षांत मात्र याच शब्दाला दुसरा अर्थ चिकटला आहे. पुढे चार दारांची, पाच जणांची केबिन, मागे उघडा हौदा, डिझेल इंजिन आणि फोर-व्हील ड्राइव्ह. झेनॉन आणि गेटअवे येऊन गेल्या. २०१६ मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आली आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स. जगाच्या बाजारात या गाड्या ‘मिड-साइज’ म्हणजे मध्यम आकाराच्या गणल्या जातात. आपल्या गल्लीत मात्र सव्वापाच मीटरहून लांब गाडी मध्यम वाटत नाही.

या गाड्या घेणारे कोण? बागायतदार, कृषी पर्यटन केंद्र चालवणारे, बांधकाम व्यावसायिक आणि सुट्टीत लडाख-स्पितीची वाट धरणारे हौशी. गाडीची किंमत आधीच पंचवीस लाखांच्या आगेमागे किंवा त्याहून वर. त्यावर आणखी काही लाखांचे ‘मॉडिफिकेशन’ करताना सल्ला मिळतो तो बहुधा ऑस्ट्रेलिया किंवा थायलंडमधल्या व्हिडिओंतून. तिथले रस्ते वेगळे, कायदे वेगळे आणि गरजाही वेगळ्या. म्हणून हा खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे पैशासाठी आणि त्याहून अधिक सुरक्षिततेसाठी गरजेचे आहे.

खरा प्रश्न : वाट कोणती आणि वजन किती?

दुकानात शिरल्यावर विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘किती इंच लिफ्ट हवी?’ त्याआधी विचारायला हवेत असे प्रश्न दोनच. वर्षभरातल्या एकूण धावेपैकी डांबर सोडून किती किलोमीटर होतात? आणि गाडीत कायमचे वजन किती असते?

दिंडोरीजवळच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराची गाडी रोज काळ्या मातीच्या बांधावर जाते आणि हौद्यात खते, औषधे, पाण्याचे ड्रम असतात. पुण्यातल्या आयटी अभियंत्याची तशीच गाडी महिन्यातून एकदा ताम्हिणीपर्यंत जाते आणि हौदा रिकामा असतो. दोघांच्या गाडीचे नाव एकच असले तरी दोघांना लागणारे पाटे, टायर आणि शॉकअप एकसारखे असू शकत नाहीत. एकाचा ‘सेटअप’ पाहून दुसऱ्याने तोच उचलला की दोघांपैकी एकाचे पैसे वाया जाणारच.

टायर सर्वात आधी का?

गाडीत कितीही ताकद असली तरी जमिनीशी तिचा संबंध येतो तो तळहाताएवढ्या चार ठशांतून. ब्रेक, वळण, चढ, चिखल या सगळ्यांचा निकाल तिथेच लागतो. त्यामुळे ज्याला एकच बदल परवडतो, त्याने टायर बदलावेत.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. एच/टी म्हणजे महामार्गाचे, ए/टी म्हणजे सर्व वाटांचे आणि एम/टी म्हणजे चिखलाचे टायर. दिसायला एम/टी सर्वात रुबाबदार. मोठे ठोकळे, त्यांच्यात खोल चर. चिखलात हे चर माती धरतात आणि फिरताना बाहेर फेकतात, म्हणून पकड टिकते. पण ओल्या डांबरावर याच ठोकळ्यांचा रस्त्याशी संपर्क कमी पडतो. ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर घेते, महामार्गावर आवाज कानठळ्या बसवतो आणि झीजही लवकर होते. सह्याद्रीच्या घाटात जून ते सप्टेंबर रस्ता ओलाच असतो हे लक्षात घेतले, तर शहरात राहणाऱ्या पिकअपमालकासाठी एम/टी ही चुकीची निवड ठरते.

ए/टी हा मधला मार्ग. मुरूम, दगड-गोटे, कोकणातला जांभा, घाटातला खडबडीत रस्ता या सगळ्यांवर तो पुरेसा पडतो. त्याची मर्यादा दिसते ती विदर्भ-मराठवाड्याच्या आणि नाशिक-सोलापूरच्या काळ्या मातीत. ही माती भिजली की चिकटते, ए/टीचे अरुंद चर भरून टाकते आणि काही फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. ज्याचे शेतच अशा मातीत आहे आणि पावसाळ्यात रोज जावे लागते, त्याच्यासाठी एम/टीचा विचार रास्त आहे. हौसेसाठी मात्र नाही.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

हायलक्सच्या टायरवर २६५/६० आर १८ असे लिहिलेले असते. २६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे रुंदीच्या ६० टक्के उंचीची बाजूची भिंत आणि १८ इंच ही रिमची मापे. याचा एकूण व्यास येतो सुमारे ७७५ मिमी. अनेकांना याच रिमवर २६५/६५ आर १८ हा टायर सुचवला जातो. त्याचा व्यास सुमारे ८०२ मिमी. म्हणजे फरक २६-२७ मिमी. पण गाडी वर उचलली जाते ती व्यासाच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम १३ मिमी.

या १३ मिमीची किंमतही असते. व्यास ३.४ टक्क्यांनी वाढल्याने चाकाच्या एका फेरीत गाडी तेवढे जास्त अंतर कापते. त्यामुळे चढावर इंजिनचा जोर त्या प्रमाणात कमी पडतो. स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवू लागतो. किलोमीटरही कमी नोंदले जातात, म्हणून ‘टायर बदलल्यावर मायलेज फारच पडले’ या तक्रारीत थोडा वाटा या हिशेबाचाही असतो. जड टायर फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त काम पडते, हे वेगळेच.

दुसरा आकडा भारांकाचा. ११० हा भारांक म्हणजे एका टायरवर १०६० किलो, १०७ म्हणजे ९७५ किलो आणि ११६ म्हणजे १२५० किलो. नवा टायर रुंद आणि उंच असला तरी त्याचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. स्वस्तात मिळालेल्या टायरमध्ये हीच गोष्ट बघायची राहते.

तिसरा आकडा वयाचा. बाजूच्या भिंतीवर चार अंकी संख्या असते. ३२२४ असे लिहिले असेल तर तो टायर २०२४ च्या ३२ व्या आठवड्यात बनला आहे. मोठ्या ए/टी टायरना गिऱ्हाईक कमी, त्यामुळे दुकानात जुना माल पडून राहण्याची शक्यता अधिक. पैसे देण्यापूर्वी पाचही टायरवरची ही तारीख पाहावी. पाच म्हणायचे कारण असे की वेगळ्या व्यासाची स्टेपनी फोर-व्हील ड्राइव्हच्या गाडीत संकटच आणते. पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि त्याचा ताण गिअरच्या पेटीवर येतो.

फुकटातला सर्वात मोठा बदल कोणता?

हवा. वाळू, चिखल किंवा दगडांच्या वाटेवर टायरमधली हवा कमी केली की टायरचा ठसा लांबतो, वजन जास्त जागेवर पसरते आणि गाडी रुतत नाही. रस्त्यावर ३२-३५ पीएसआय असलेला टायर दगडी वाटेवर २४-२६ पर्यंत आणि मऊ वाळूत १६-१८ पर्यंत उतरवतात. एवढ्याने बसणारे धक्केही निम्मे वाटतात. अनेकांना सस्पेन्शनवर लाखभर खर्च करून जो आराम हवा असतो, त्याचा मोठा हिस्सा इथेच मिळतो.

अट एकच. हवा कमी असताना वेग कमी ठेवायचा, झटक्यात वळायचे नाही आणि डांबर लागताच हवा पुन्हा भरायची. कमी हवेचा टायर वेगात धावला की त्याच्या भिंती सतत वाकतात आणि तापतात. मे महिन्यात ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर तशी गाडी पळवणे म्हणजे टायर फुटण्याला आमंत्रण. म्हणून स्नॉर्केलच्या आधी एक चांगला बारा व्होल्टचा कंप्रेसर आणि हवा मोजण्याचा विश्वासू गेज घ्यावा. दोन्ही मिळून एका ए/टी टायरच्या किमतीत सहज बसतात.

‘लिफ्ट’ने काय मिळते आणि काय जाते?

इथे सर्वात मोठा गैरसमज आहे. पिकअपच्या मागे एकसंध ॲक्सल असतो आणि त्याच्या मधला डिफरेन्शियलचा गोल भाग हा मागच्या बाजूला जमिनीच्या सर्वात जवळ असतो. स्प्रिंग बदलून गाडी दोन इंच उचलली तर उचलली जाते ती चेसी आणि केबिन. ॲक्सल चाकांनाच जोडलेला असल्याने तो आहे तिथेच राहतो. वाटेतला दगड डिफरेन्शियलला लागत असेल, तर तो लिफ्टनंतरही लागणारच. तो भाग उचलतो फक्त मोठा टायर, आणि तोही वर पाहिल्याप्रमाणे काही मिलिमीटर.

मग लिफ्टचा उपयोग काय? पोटाखालची जागा आणि कोन. हायलक्सच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ३०८५ मिमी आहे, व्ही-क्रॉसचे ३०९५ मिमी. एवढ्या लांब गाडीचे पोट बांधावर किंवा उंचवट्यावर टेकते, मागचा लांब हौदा ओढ्यातून वर चढताना घासतो. गाडी उचलली की हे कोन सुधारतात. ज्याची वाट अशी आहे त्याला लिफ्टचा खरा फायदा होतो.

आता जाते काय ते पाहू. पुढच्या चाकांना ताकद पोहोचवणारे शाफ्ट तिरपे होतात. तिरकेपणा वाढला की त्यांचे सांधे आणि रबरी बूट लवकर झिजतात. चाकांचा कोन बदलतो, म्हणून अलाइनमेंट नव्याने करावी लागते. ती जुळत नसेल तर पुढचे वरचे आर्मही बदलावे लागतात. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. घाटाच्या वळणावर ती जास्त झुकते आणि अचानक चुकवावे लागले तर उलटण्याचा धोका वाढतो. हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. लिफ्ट करून देणारी किती गॅरेजे दिव्यांचा कोन पुन्हा बसवून देतात, हे रात्री कोणत्याही घाटात उभे राहिले की कळते.

म्हणून दोन इंच, म्हणजे सुमारे ५० मिमी ही मर्यादा शहाणपणाची मानली जाते. त्यातही केवळ धातूचा ‘स्पेसर’ टाकून केलेली स्वस्त लिफ्ट टाळावी. स्पेसरने गाडी उंच दिसते, पण शॉकअप आणि स्प्रिंग जुनेच राहतात. चाक खाली लोंबकळते तेव्हा सांधे त्यांच्या मर्यादेपलीकडे ताणले जातात. पैसे वाचतात ते फक्त पहिल्या बिलात.

मागचे पाटे रिकाम्या गाडीत उड्या का मारतात?

नव्या पिकअपमालकाची पहिली तक्रार असते की मागे बसलेल्यांची हाडे खिळखिळी होतात. यात बिघाड काही नसतो. मागचे पाटे हौद्यातले वजन पेलायला बनवलेले असतात. हौदा रिकामा असला तर त्यांना वाकवायला वजनच नसते. दोनशे-तीनशे किलो माल चढला की तीच गाडी शांत होते.

बाजार समितीतल्या पिकअपचालकांना हे शास्त्र पुस्तकाविना ठाऊक आहे. जास्त माल न्यायचा म्हणून ते ‘पाटा वाढवून’ घेतात आणि रिकाम्या परतीच्या प्रवासात त्याची शिक्षा भोगतात. हौशी मालक मात्र भार नसताना ‘हेवी ड्युटी’ पाटे बसवतो आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक आदळते म्हणून चकित होतो.

ऑस्ट्रेलियात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या एआरबीसारख्या कंपन्या एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या भाराचे पाटे आणि स्प्रिंग विकतात. नेहमी रिकामी असणाऱ्या गाडीसाठी वेगळे, कायम मध्यम ओझे असणाऱ्यासाठी वेगळे आणि जड सामान बांधूनच फिरणाऱ्यासाठी वेगळे. कारण तिथला प्रवासी आठवडेच्या आठवडे पाणी, इंधन आणि तंबू घेऊन खडबडीत मातीच्या रस्त्यांवर जातो. आपल्याकडे विकत घेताना ब्रँड विचारला जातो, भार विचारला जात नाही. विक्रेत्याने ‘गाडीत रोज किती किलो असते’ हा प्रश्न विचारलाच नाही, तर त्या दुकानातून बाहेर पडलेले बरे.

शॉकअपबद्दलही थोडेसे. त्याचे काम गाडी उचलण्याचे नाही, स्प्रिंगची उडी थोपवण्याचे आहे. ही उडी थोपवताना आतले तेल तापते. तासन्‌तास खड्ड्यांतून गेल्यावर तेल इतके तापते की थोपवण्याची क्षमताच घटते आणि गाडी होडीसारखी डुलू लागते. लांब, खराब रस्त्यांवर वारंवार जाणाऱ्याला जाड नळीचे, नायट्रोजन भरलेले चांगले शॉकअप उपयोगी पडतात. लिफ्ट न करता फक्त शॉकअप बदलणे हा पर्याय फारसा सुचवला जात नाही, कारण तो फोटोत दिसत नाही. मूळ शॉकअप थकले असतील तर बहुतेकांना तेवढेच पुरते.

ओझ्याचा हिशेब कोण ठेवतो?

लोखंडी बंपर, विंच, पोटाखालची संरक्षक पत्रे, बाजूच्या नळ्या, हौद्यावरचे टोपण, छतावरचा तंबू, जड टायर. यातली प्रत्येक वस्तू तीस-चाळीस किलोंपासून पुढे जाते. सगळे मिळून अडीचशे-तीनशे किलो सहज होतात. त्यात पाच माणसे बसली की हौद्यात पोतेभर सामान टाकण्यापूर्वीच गाडीची वहनक्षमता संपत आलेली असते.

आरसीवर गाडीचे विनाभार वजन आणि भारासह कमाल वजन दोन्ही लिहिलेले असते. त्यांच्यातला फरक म्हणजे तुमच्या हातातली शिल्लक. जाड पाटे बसवल्याने ही शिल्लक वाढत नाही. ब्रेक तेच, ॲक्सल तोच, चेसी तीच. नव्या पाट्यांमुळे मागचा भाग खाली दबलेला दिसत नाही इतकेच. जास्त ओझे दिसेनासे होणे हे ते कमी होण्यापेक्षा धोकादायक आहे.

स्नॉर्केल लावला म्हणजे नाला ओलांडता येतो?

या लेखातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा हाच. स्नॉर्केल इंजिनाला हवा घेण्याची जागा वर नेतो, बस एवढेच. तो दारे बंद ठेवत नाही, वायरिंग कोरडे ठेवत नाही आणि गाडीला जमिनीवर दाबून तर मुळीच धरत नाही. हायलक्सची पाण्यातून जाण्याची क्षमता ७०० मिमी सांगितली जाते. ती संथ पाण्यासाठी, तळ माहीत असताना आणि वेग अगदी कमी असताना.

वाहते पाणी ही वेगळीच गोष्ट. साधारण ३० सेंटिमीटर वाहते पाणी छोटी मोटार तरंगवायला पुरते आणि ६० सेंटिमीटर पाणी एसयूव्ही किंवा पिकअपही वाहून नेऊ शकते. मोठे टायर तर उलट जास्त हवा कोंडून गाडीला तरंगायला मदत करतात. दर पावसाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या कमी उंचीच्या पुलांवरून वाहने वाहून गेल्याच्या बातम्या येतात. त्यातले अनेक चालक त्या रस्त्याचे रोजचे असतात. गाडीला चढवलेला साज जो खोटा धीर देतो, तो अशा पुलाच्या तोंडाशी जीवघेणा ठरतो. पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिरायचे. यावर कोणतेही ‘अपग्रेड’ नाही.

विंचचेही तसेच. ती बसवण्याआधी गाडीला पुढे-मागे चेसीला जोडलेले, भार पेलणारे हुक आहेत का ते पाहावे. रुतलेली गाडी दोरीने झटका देऊन काढताना ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोरी अडकवणे ही सर्रास दिसणारी चूक. तो गोळा तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा उडतो आणि काच फोडून आत येतो. फावडे, दोन ट्रॅक्शन बोर्ड, योग्य क्षमतेचा पट्टा आणि शॅकल एवढ्यावर बहुतेक गाड्या निघतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रावरच्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणांत हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या पद्धतीने सुटे भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या लोखंडी गार्डवर तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास सांगितले होते.

हा गार्ड पादचाऱ्याला आणि दुचाकीस्वाराला अधिक इजा करतो. धडकेचा जोर चेसीपर्यंत जसा पोहोचायला हवा तसा तो पोहोचू देत नाही आणि त्यामुळे एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो. म्हणजे बाहेरच्याचे नुकसान आणि आतल्याचेही.

कायद्याविषयी तक्रारीला जागा आहे. थकलेल्या शॉकअपऐवजी दर्जेदार शॉकअप बसवणे आणि गाडी सहा इंच उचलून हेडलाइटच्या जागी प्रखर दिव्यांची माळ लावणे या दोन गोष्टी एका तागडीत तोलणे योग्य नाही. काही देशांत अभियंत्याकडून तपासून अशा बदलांना प्रमाणपत्र मिळते. आपल्याकडेही ठरावीक मर्यादेतल्या सस्पेन्शन आणि टायरबदलांना तपासणीनंतर मान्यता देणारी सोपी, पारदर्शक पद्धत असायला हवी. आज जे होते ते सर्वांसाठी वाईट आहे. काळजीपूर्वक बदल करणारा भीतीत राहतो आणि बेफिकीर माणूस नाक्यावर ‘मिटवून’ पुढे जातो.

पण नियम बदलेपर्यंत तो नियमच आहे. उत्पादकाने त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकारात दिलेल्या मापाचा टायर घेणे हा सर्वात सुरक्षित पर्याय. प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवावा. न कळवलेल्या बदलाचे कारण देऊन दावा अडकतो तेव्हा वाचवलेल्या हप्त्यापेक्षा कितीतरी मोठी रक्कम जाते.

मग क्रम काय असावा?

पहिले सहा महिने काहीही बदलू नये. गाडी आहे तशी चालवावी. फोर-हाय, फोर-लो कधी लावायचे, हायलक्समधला मागचा डिफरेन्शियल लॉक कधी वापरायचा, हे शिकावे. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून फिरणारे मालक आजही दिसतात. या गाड्यांना मधला डिफरेन्शियल नसल्याने त्याने यंत्रणेवर नाहक ताण येतो. शक्य असेल तर एखाद्या जाणकाराकडून दिवसभराचे प्रशिक्षण घ्यावे. त्या फीइतका परतावा कोणत्याही बंपरमधून मिळत नाही.

त्यानंतर कंप्रेसर आणि बाहेर काढण्याचे साहित्य. मूळ टायर झिजले की योग्य भारांकाचे ए/टी. मग पोटाखाली खरोखर दगड लागत असतील तर इंजिनच्या चेंबरखाली संरक्षक पत्रा. त्यानंतर शॉकअप, आणि भार कायमचा असेल तरच त्या भाराचे पाटे. दोन इंचांची लिफ्ट सर्वात शेवटी, आणि तीही पोट टेकते म्हणून, शेजाऱ्याची गाडी उंच आहे म्हणून नाही.

आणि वाट कोणाची?

गाडी सज्ज झाली म्हणजे कुठेही न्यायचा परवाना मिळत नाही. कोकणातले आणि कासच्या परिसरातले सडे पावसाळ्यात फुलतात. तिथली काही इंचांची माती आणि तिच्यातली वनस्पती टायरच्या एका फेरीत उखडते आणि परत यायला वर्षे लागतात. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे. कोकणातही भरतीच्या पाण्यात अडकलेल्या मोटारी ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागतात. ओढणारा ट्रॅक्टर बहुधा त्याच गावातला असतो, ज्याच्या शेताच्या बांधावरून आदल्या दिवशी कोणीतरी ‘ट्रेल’ काढलेली असते.

पिकअप हे मुळात काम करणाऱ्या माणसाचे वाहन आहे. ओझे वाहायचे, वाईट रस्त्यावरून जायचे आणि संध्याकाळी माणसांना सुखरूप घरी आणायचे हे तिचे काम. जो बदल या तिन्हीपैकी एखादी गोष्ट चांगली करतो तो घ्यावा. जो फक्त सिग्नलला शेजारच्याची मान वळवतो, त्याचे पैसे डिझेलला ठेवावेत.